काशीबाईच्या आवाजाचा तपास

१

नवापूरच्या तामोऱ्यांच्या घरातून काशीबाईचा आवाज गेला, ही खबर पालघरला दामू मेहेरांना शुक्रवारी सकाळी साडेसातला फोनवर मिळाली. खबर देणारी भाचेसून दीपाली रडत होती. त्यामुळे खबरीचा निम्मा भाग मेहेरांनी अनुभवाने भरून काढला.

काशीबाई ही मेहेरांची थोरली बहीण. किनाऱ्यावरच्या तीन गावांत लग्नाचे धवळे गाणारी धवलारीण ती एकच. तिने मांडवात बसून देवांना एकेकाचं नाव घेऊन बोलावल्याशिवाय कोणाच्या अंगाला हळद लागत नसे. गेल्या पावसाळ्यात तिच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी गाठ काढली आणि गाठीबरोबर आवाजही काढून घेतला. त्याआधी आठ दिवस दीपालीने सासूला घरच्या कॉम्प्युटरसमोर बसवून एकवीस धवळे रेकॉर्ड करून ठेवले होते. तेव्हापासून काशीबाईचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, तो म्हणजे टेबलाखालच्या काळ्या डब्यात. परवा रविवारी तिच्या नातीची, दीपालीच्या तेजलची हळद. आळीतल्या बाया त्या आवाजामागून गाणार, असं ठरलेलं.

आणि बुधवारपासून डबा चालू होत नव्हता.

"मामा, बोईसरचा भावेश बघून गेला. हार्डडिस्क गेली म्हणतो. आज चारला डबा न्यायला येतोय. सगळं पुसून नवीन टाकणार. तुमी या."

"मी येऊन काय करू? मला त्यातलं काय कळतं?"

"तुमी चोर पकडायचे ना?"

"ते चोर माणसं होते गो."

"मग हे पण माणसानंच केलंय," दीपाली म्हणाली. "सोमवारी दुपारपर्यंत मी त्याच्यावर काम केलं. मग उमरोळीला माहेरी गेले, आहेराच्या साड्या घ्यायला. बुधवारी संध्याकाळी आले तर हा मेलेला. दोन दिवसांत आपोआप कोण मरतं?"

मेहेरांनी चप्पल घातली. ज्या वर्षी पोलीस ठाण्यात पहिला कॉम्प्युटर आला, त्याच वर्षी ते हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं ते कोणी विचारलं नसतानाही सांगत.

२

नोकरीत मेहेरांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. चौतीस वर्षांत त्यांच्यासमोर बसून न बोललेला माणूस नव्हता. ते कोणाला मारत नसत. चहा मागवत आणि समोरच्याकडे बघत बसत. चहा संपेपर्यंत पाहुणा मागच्या दोन-तीन जुन्या चोऱ्याही सांगून मोकळा होई.

नवापूरला पोचल्यावर त्यांनी तसंच केलं. डब्यासमोर खुर्ची घेतली, चहा मागवला आणि डब्याकडे बघत बसले. चहा संपला. डबा बोलला नाही.

"त्याला चालू करावं लागतं, मामा," दीपालीने अदबीने सांगितलं.

तिने बटण दाबलं. डब्यात पंखा घरघरला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं. मग डबा पिप् करून ओरडला, पुन्हा ओरडला आणि ओरडतच राहिला. चिन्ह जागचं हललं नाही. दीपालीने पुढ्यातल्या कीबोर्डवर पाच-सहा बटणं दाबून पाहिली. डब्याने तिची दखल घेतली नाही.

"हे असंच," ती म्हणाली. "बुधवारपासून."

"गाणी दुसरीकडे उतरवून नाय ठेवली?"

दीपालीने दाराकडे पाहिलं. दारात तिचा नवरा प्रफुल्ल उभा होता. बोट चालवणारा तांडेल, सहा फुटी माणूस. त्याने नजर जमिनीकडे नेली.

"पेनड्राइव्ह आणायला बोईसरला मीच जाणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"गौरी-गणपतीपासून."

आता माघ चालला होता. मेहेर त्याच्याकडे नुसते बघत राहिले. हे शस्त्र भाच्यावर मात्र लगेच चाललं.

"मामा, खोटं कशाला बोलू. मी मारलं त्याला."

दीपालीने पदर तोंडाला लावला. मेहेर पुढे सरकले.

"कुठं मारलं?"

"डाव्या अंगाला. दोन चापट्या. बोटीवरचा वायरलेस अडला की मी तसंच करतो. तो चालू होतो."

"कधी मारलं?"

"काल सकाळी. दर्यावरून आलो, ही रडत होती, म्हणून."

"म्हणजे मेल्यावर मारलं," मेहेर म्हणाले आणि मनातल्या यादीतून एक नाव खोडलं. प्रफुल्ल शनिवारपासून समुद्रावर होता आणि गुरुवारी पहाटे परतला होता. डबा गेला तेव्हा तो किनाऱ्यापासून तीस मैलांवर होता.

खोलीत त्यांनी एक फेरी मारली. कपाटाच्या आरशावर मिठाचं सायीसारखं पटल होतं. खिडकीचे गज बोटाला तांबडे लागत होते. पडद्याच्या काचेवर त्यांनी बोट फिरवलं आणि सवयीने जिभेला लावलं. खारट. समुद्र घरापासून दीडशे पावलांवर असला की घरातल्या वस्तू हळूहळू त्याच्याच होतात. यात नवीन काहीच नव्हतं.

"सोमवार ते बुधवार घरात कोण होतं?"

"आई आणि तेजल," दीपाली म्हणाली. मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाली, "मामा, तेजलला ती गाणी नको हायत."

३

तेजल मागच्या पडवीत बसून मोबाईलवर मांडवाच्या फुलांचे फोटो बघत होती. पदवीधर मुलगी, बोईसरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी. मेहेर शेजारी बसले. चहा मागवायच्या आधीच तीच बोलली.

"आजोबा, मला माहीत हाय तुमी कशाला बसलात. मी नाय केलं."

"बरं."

"पण गेला तर बरं झालं."

मेहेरांच्या चौतीस वर्षांत असा जबाब एखादाच आला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आजीवर राग हाय?"

"राग कशाला असेल? लहानपणापासून तिच्या मांडीवर बसून ऐकलेत ते धवळे. म्हणून तर." तिने मोबाईल पालथा ठेवला. "तुमी डोळ्यांसमोर आणा. मी पाटावर बसलेली. आजी माझ्यासमोर बसलेली, तोंड मिटून. आणि तिचा आवाज स्पीकरातून येतोय. लोक तिच्याकडे बघणार का स्पीकरकडे? तिला कसं वाटेल? कोणी विचारलं तिला?"

"तू विचारलंस?"

"विचारलं. तिनं पाटीवर लिहिलं, 'जेवून घे.'"

काशीबाई चौथी शिकलेली. आवाज गेल्यापासून ती शाळेची दगडी पाटी जवळ बाळगत असे. पण आवाज होता तेव्हा जे बोलायचं नाही ते ती गाण्यात ढकलायची, आणि पाटीवर ढकलायला जागा कमी.

"सोमवारपासून त्या खोलीत गेलीस?"

"नाय. माझा मोबाईल हाय, मला तो डबा कशाला? आणि या घरात मी सध्या अंगणात पण जात नाय. वलांडीवर बोंबील वाळत घातलेत. ऑफिसात सगळ्या म्हणतात, नवरीच्या केसांना वास येईल."

ती खरं बोलत होती. मेहेरांना ते कळत होतं, आणि त्याचाच त्यांना त्रास होत होता. संशयित तीन होते. एक समुद्रावर होता, एक उमरोळीला होती, एकीला डब्याचा वीट होता पण हात लावलेला नव्हता. दुपारचे दोन वाजले होते. चार वाजता आवाज पुसला जाणार होता. आणि हेड कॉन्स्टेबल दामू मेहेर यांना डब्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं हेही नक्की ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात दारात मोटरसायकल थांबली. भावेश दोन तास आधीच आला होता.

४

"शुक्रवार ना, काका. बोईसरला दुरुस्तीसाठी लाइट बंद. दुकानात बसून काय करणार?" भावेश म्हणाला. तिशीतला, मवाळ, खिशाला चार स्क्रू-ड्रायव्हर. आजोबांपासून बोईसरात दुकान, आधी रेडिओ, मग टीव्ही, आता हे. त्याने बसल्याबसल्या डब्याच्या वायरी सोडवायला घेतल्या.

"जरा थांब," मेहेर म्हणाले. "हार्डडिस्क गेली हे तू कशावरून ठरवलंस?"

"चिन्ह येतं, पुढे जात नाही. नव्वद टक्के केसमध्ये हार्डडिस्क असते."

"आणि दहा टक्के?"

"दहा टक्के हार्डडिस्क नसते."

मेहेरांना एकदम आपल्या जुन्या साहेबांची आठवण झाली. तेही असाच तपास करत.

"काय काय तपासलंस?"

"सगळं. लाइट येते, पंखा फिरतो. रॅम काढून पुसून लावली. कीबोर्ड पण बघितला. तो तर एकदम टकाटक. नव्यासारखा. हे लोक समुद्राला लागून राहतात, काका. मी इथे कीबोर्ड उघडतो तर आत मीठ, वाळू, सुकटीची डोकी, काय काय निघतं. यांचा मात्र एक नंबर साफ. म्हणून तो प्रश्नच नाही."

मेहेर उठून टेबलाकडे गेले. मघाशी पडद्यावरून फिरवलेलं बोट त्यांनी कीबोर्डवरून फिरवलं आणि जिभेला लावलं.

अळणी.

"दीपाली, हा कीबोर्ड नवीन हाय?"

"नाय हो. सहा वर्षं झाली. बघा ना, अक्षरं पुसलीत. आळीतल्या सगळ्या बोटींचे फॉर्म मी त्याच्यावर भरलेत."

"तू शेवटचा कधी पुसलास?"

दीपालीने कीबोर्डकडे पाहिलं. कीबोर्ड पुसायचा असतो ही कल्पना तिला नवीन असावी.

मेहेरांनी कीबोर्ड उचलला, नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. कोळ्याचं पोर ते. वास ओळखायला त्यांना प्रयोगशाळा लागत नसे. मग त्यांनी त्याची वायर हातात धरून ताणली. टोकापासून टोकापर्यंत सरळ, फक्त मधोमध एका जागी तिला बाक आला होता, तिथे ती कशावर तरी बराच वेळ दुमडून लोंबत राहिली असावी तसा.

"ह्या घरात आरसा खारट हाय, गज खारट हायत, पडदा खारट हाय," ते म्हणाले. "आणि दोन दिवसांत मधोमध पडलेली एकच वस्तू अळणी झाली. भावेश, तू ज्याला साफ म्हणून सोडलंस त्यालाच धरायला पायजे होतं."

"पण काका, चोरानं कीबोर्ड साफ कशाला करावा?"

"ते त्यालाच विचारतो," मेहेर म्हणाले आणि अंगणात गेले. घरात माणसं चार. त्यांतल्या तिघांशी बोलून झालं होतं.

५

अंगणापलीकडे, समुद्राच्या अंगाला वलांडी उभी होती. बांबूंच्या आडव्या काठ्या, आणि त्यांवर जोडीजोडीने टांगलेले बोंबील, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. काशीबाई नवी रास टांगत होती. भाऊ आलेला तिने पाहिला, पण हात थांबवला नाही.

मेहेर पालथ्या टोपलीवर बसले आणि बघत राहिले. ही त्यांची हुकमी पद्धत. पण बोलायला लावायचं ते माणूस बोलूच शकत नसेल तर ती कुठवर चालणार? काशीबाईने आठ जोड्या टांगल्या. नववीला तिची बोटं चुकली.

"बाय," मेहेर म्हणाले, "कीबोर्डाला बोंबलाचा वास येतो."

तिने नववी जोडी टांगली.

"वायरीला मधोमध बाक हाय. ह्या काठीच्या जाडीचा."

काशीबाईने हात पदराला पुसले. पाटी कमरेला बांधलेली होती, ती सोडली आणि पेन्सिल करकरत लिहिलं. लिहून झाल्यावर पाटी त्यांच्यापुढे धरली.

*गोड्या पाण्यानं धुतला. प्रफुल बोटीवरची यंत्रं धुतो तसा.*

आता सगळं लख्ख दिसलं. बोट धक्क्याला लागली की तांडेल पहिलं काम करतो ते हेच: दिशा दाखवणारं यंत्र, वायरलेसचा डबा, सगळ्यांवर गोड्या पाण्याची बादली. मीठ राहिलं की यंत्र खातं. ती यंत्रं पाण्यासाठीच बनवलेली असतात, बटणांच्या आतसुद्धा थेंब शिरत नाही. काशीबाईने जन्मभर तेच पाहिलेलं. घरात हळद, घरातलं सगळं धुवायचं, आणि जे धुतलं ते वाळवायचं. वाळवायला या घरात एकच जागा.

तिने पाटी पुसली, पुन्हा लिहिलं.

*माजा आवाज हाय त्यात. खारट झालेला.*

मेहेरांनी मान हलवली. तिने आणखी लिहिलं.

*दोन दिवस वाळवला. वाळला नाय काय रे?*

चौतीस वर्षांत मेहेरांनी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले होते. कबुलीच्या शेवटी आरोपीने त्यांनाच प्रश्न विचारावा, असं झालं नव्हतं. काशीबाई आणखी एक ओळ लिहू लागली. ते चष्मा सावरेपर्यंत तिने ती तळहाताने पुसून टाकली.

"दीपालीला सांगितलंस?"

तिने मान हलवली. नाही. मग हाताने घराकडे आणि मग आपल्या गळ्याकडे दाखवलं. भावेशने हार्डडिस्क गेली म्हटलं तेव्हा ती दारात होती. गाणी पुसली जाणार हे तिने ऐकलं होतं. बुधवारपासून ती जेवली नव्हती, हेही मेहेरांना आत्ताच, तिच्या हाताच्या शिरा बघून कळलं.

"चल," ते म्हणाले. "आत चल. नक्की काय मेलंय ते तरी बघू."

६

"भावेश," मेहेर खोलीत आल्या आल्या म्हणाले, "साहेबाच्या केबिनमधल्या घंटीचं बटण चिकटलं तर शिपाई काय करतो?"

"दारात जाऊन उभा राहतो."

"किती वेळ?"

"घंटी थांबेपर्यंत."

"आत जात नाय, बाहेर येत नाय. दुसऱ्या कोणाचं काम करत नाय. बरोबर? हा कीबोर्ड धुतलाय. आत पाणी हाय, गंज धरलाय. एखादं बटण आत रुतून बसलं असेल तर डबा चालू झाल्यापासून त्याला घंटी ऐकू येत असेल. तो ओरडून सांगतोय, साहेब, आलो, आलो, काय पायजे? पुढं कसा जाईल?"

भावेशच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. त्याने कीबोर्ड उलटा करून हलवला. एका कोपऱ्यातून दोन थेंब पडले.

"अरे बापरे," तो हळूच म्हणाला. "म्हणजे ते पिप् पिप्..."

"मला विचारू नको. मला फक्त शिपाई कळतो."

भावेशने डब्याच्या वायरी पुन्हा लावल्या, कीबोर्डची मात्र लावली नाही. बटण दाबलं. पंखा घरघरला. चिन्ह आलं. पिप् आला नाही. प्रफुल्ल, दीपाली आणि पडवीतून येऊन दारात उभी राहिलेली तेजल, सगळ्यांनी श्वास धरला. काशीबाई भिंतीला टेकून उभी होती. पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या.

"काय म्हणतो?" मेहेरांनी विचारलं.

"म्हणतो, कीबोर्ड सापडत नाही."

"बरोबर बोलतो. आणि खाली?"

भावेशने घसा साफ केला. "पुढे जायचं असेल तर कीबोर्डवरचं एफ-वन दाबा."

मेहेरांनी ते वाक्य मनात दोनदा फिरवलं. सरकारी कार्यालयात त्यांनी आयुष्य काढलं होतं. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

"मग दुसरा कीबोर्ड आण."

"चिंचणीच्या गिऱ्हाइकाचा हाय गाडीत. पॅक." भावेश घुटमळला, काशीबाईकडे पाहिलं आणि जाऊन घेऊन आला. खोक्याचं प्लास्टिक त्याने दातांनी फाडलं.

एफ-वन दाबल्यावर बराच वेळ काही झालं नाही. मग पडदा निळा झाला, आणि एकेक करून दीपालीच्या फायली वर येऊ लागल्या. बोटींचे फॉर्म. आहेराची यादी. आणि कोपऱ्यात एक पिवळं पाकीट, खाली लिहिलेलं: आई.

दीपाली खुर्चीत बसली आणि तोंड झाकून रडली. प्रफुल्लने भावेशच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात एवढा वजनदार होता की भावेश खाली बसला.

"पण मामा, केलं कोणी?" प्रफुल्लने विचारलं.

मेहेरांनी जन्मात खोटा पंचनामा लिहिला नव्हता. "खारी हवा," ते म्हणाले.

पाठीमागे पाटीवर पेन्सिल करकरली. काशीबाईने पाटी उचलून सगळ्यांपुढे धरली, एकेकाला वाचता येईल अशी, डावीकडून उजवीकडे फिरवत.

*मी धुतला.*

प्रफुल्लने आधी आईकडे, मग कीबोर्डकडे पाहिलं. गोड्या पाण्याची बादली तिने कोणाकडून शिकली ते त्याला बरोबर कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. तेजल पुढे झाली आणि आजीला खुर्चीवर बसवून स्वतः खाली, तिच्या पायाशी बसली.

"लाव, आई," ती दीपालीला म्हणाली. "पहिलं लाव."

"तुला नको होतं ना?"

"रविवारी नको. आता लाव."

दीपालीने पहिली फाइल उघडली. स्पीकरात खरखर झाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काशीबाई बोलली. गाणं नव्हतं. तिचा रोजचा, जरा करवादलेला आवाज.

"झालं काय चालू? थांब गो दीपाली. आधी चूल बंद करून येते. भात लागंल."

पावलं लांब गेली. मग स्पीकरात नुसती खोली ऐकू येत राहिली. कुठे तरी भांडं वाजलं. कावळा ओरडला. मागे समुद्र होता, पण तो या खोलीतला की त्या, ते कळत नव्हतं. खुर्चीवर बसलेल्या काशीबाईने मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तेजलनेही तिकडेच पाहिलं.

एक मिनिट गेलं, दोन गेली. भावेश अवघडून उभा होता. त्याला चिंचणीला जायचं होतं.

"पुढे ढकलू का?" त्याने हळूच विचारलं. "गाणं पुढे असेल."

"राहू दे," मेहेर म्हणाले. "येतेय ती."